जाऊबाईंच्या यंत्राचा सिनेमा

माझ्या थोरल्या जाऊबाईंवर सिनेमा निघाला, त्यात मीही काम केलं आहे. पण मी कुणाला दिसले नाही. मी प्लायवुडच्या खोक्यात बसले होते. कुणी सिनेमातल्या झगमगाटाबद्दल बोलायला लागलं की मला मे महिन्यातला त्या खोक्यातला घाम आठवतो आणि माझं डोकं फिरतं.

आमचं गाव चोपड्याहून यावलकडे जाताना रस्त्यापासून थोडं आत. मी धुळ्याची, मॅट्रिक झालेली, म्हणजे स्वतःला शहाणी समजणारी. जाऊबाई चौथी शिकलेल्या, पण घरात खरं डोकं त्यांनाच होतं. पेरणीआधी बियाण्याच्या भुईमुगाच्या शेंगा हाताने फोडायची आमच्याकडे रीत. शेंगा ओल्या करायच्या, अंगठ्याने दाबून फोडायच्या आणि दाण्याचं लाल साल जराही निघू द्यायचं नाही. पंधरा-वीस दिवस घरोघरी बायका ओट्यावर बसून हेच करत. अंगठे फुटत, रक्त येई आणि संध्याकाळी त्याच हातांनी भाकरीसाठी ज्वारी-उडदाचं, कळण्याचं पीठ मळायचं. त्या पिठात मीठ असतं. ते कसं झोंबतं हे पुरुषांना विचारण्यात अर्थ नव्हता.

जाऊबाईंनी गावच्या सुताराला हाताशी धरून एक यंत्र केलं. बाभळीचं खोकं, तळाला अर्धगोल चाळणी, वर पाळण्यासारखा मागेपुढे हलणारा ठोकळा आणि त्या ठोकळ्याला थोरल्या दिरांच्या सायकलचा टायर कापून ठोकलेला. रबरामुळे टरफल फुटायचं, दाणा शाबूत राहायचा. दिरांची सायकल तेव्हापासून भिंतीला टेकून उभी राहिली आणि ते बाजाराला पायी जाऊ लागले. कधी कुरकुरले नाहीत. भला माणूस.

अडले ते आमचे सासरे. त्यांना सगळं गाव नाना म्हणे. ‘यंत्राने बियाचं तोंड मोडतं, ते उगत नाही,’ असं त्यांनी एकदा सांगितलं आणि विषय संपला. तीन वर्षं यंत्रातले दाणे तेलघाण्यावर गेले आणि पेरायला अंगठ्याने फोडलेलेच. जाऊबाईंना जन्मात एवढंच हवं होतं, की यंत्राचं बी घरच्या वावरात पेरलं जावं. नानांनी पेरलं असतं तर गावाने पेरलं असतं आणि बायकांचे अंगठे सुटले असते. पण हे नानांना सांगणार कोण? सासरा सुनेशी समोरासमोर बोलत नसे. सासूबाई होत्या तोवर निरोप त्यांच्यामार्फत जात, त्या गेल्यावर बैलामार्फत. नाना अंगणात बैलाकडे तोंड करून म्हणत, “आंघोळले पानी पाहिजे रे भो,” आणि आम्ही आतून ऐकून पाणी काढत असू. पाव्हण्यांना हसू येई, आम्हाला सवय होती.

मग जळगावच्या शेतकी प्रदर्शनात यंत्राला बक्षीस मिळालं. प्रशस्तिपत्रावर नाव थोरल्या दिरांचं, कारण बाईचं नाव कसं घालायचं हे म्हणे कुणाला सुचलं नाही. पण वर्तमानपत्रात छापून आलं ‘एका शेतकरी महिलेचा शोध’, आणि ते वाचून मुंबईचे एक दिग्दर्शक जीपगाडीतून आमच्या दारात उतरले. पैसा जळगावच्या एका मारवाडी शेटजींचा होता. सिनेमात काहीतरी बोध असावा आणि एका प्रसंगात त्यांची जिनिंग फॅक्टरी दिसावी, एवढंच शेटजींचं म्हणणं.

दिग्दर्शकांनी ओसरीवर बसून आम्हाला कथा ऐकवली. पहिल्याच प्रसंगात नायिकेचा नवरा साप चावून मरत होता. थोरले दीर समोरच चहा पीत बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, “मी मरूनच जास का?” दिग्दर्शक म्हणाले, “अहो, नवरा जिवंत असलेली बाई कशाला शोध लावेल? प्रेक्षकांना पटायला नको?” दीर विचारात पडले. त्यांना ते बहुधा पटलं असावं. पण नायिकेला जाऊबाईंचंच लुगडं नेसवायचं होतं आणि आपलं लुगडं नेसून कुणी बिनकुंकवाची वावरणार म्हटल्यावर जाऊबाईंनी ट्रंकेला कुलूप घातलं. दोन दिवस खल झाला. शेवटी नवरा मरायचा नाही, परागंदा व्हायचा, असं ठरलं. कुंकू राहिलं. मात्र त्यानंतर वर्षभर दीर बाजारात दिसले की लोक विचारत, “काय भाऊ, कव्हय उनात?” म्हणजे, परत कधी आलात?

आता यंत्राचं. दिग्दर्शकांनी जाऊबाईंच्या यंत्राभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, “हे यंत्रासारखं दिसत नाही. पाळण्यासारखं दिसतं.” मग मुंबईहून ट्रकमध्ये दुसरं यंत्र आलं. चंदेरी रंगाचं, पुरुषभर उंच, तीन चाकं, एक भोंगा आणि वर लाल दिवा. त्यात सगळं होतं, फक्त शेंगा फुटत नव्हत्या. म्हणून आत कुणीतरी बसून तयार दाणे बाहेर सोडायचे ठरलं. घरात सगळ्यांत बारीक मी. आमच्या खऱ्या यंत्रावर फोडलेल्या दाण्यांची टोपली मांडीवर घेऊन मी त्या खोक्यात बसले. बाहेर नायिका चाक फिरवणार आणि मी ओंजळ-ओंजळ दाणे भोकातून सोडणार. मे महिना, खानदेशातला. बाहेरून दिग्दर्शकांचा आवाज आला, “दाणे जरा आनंदाने पडू द्या!” मी आतून ओरडले, “या तुम्ही आत, आणि पाडा आनंदाने!” तो शॉट वाया गेला.

जाऊबाईंना यातलं काही मनाला लागत नव्हतं, याचा मला जास्त राग यायचा. “अहो, तुमचं यंत्र गोठ्यात आणि हे डबडं अंगणात, तुम्हाला काहीच वाटत नाही?” मी म्हणायची. त्या म्हणायच्या, “नानाले पाहू तं दे. मुंबईना लोके इतला खर्च करतंस, तं काहीतरी व्हई यंतरमा, असं त्यास्ना मनमा येऊ दे.” त्यांनी सिनेमाला होकार दिला होता तो एवढ्यासाठीच.

पण नाना खाटेवर बसून सगळं बघत आणि हूं की चूं करत नव्हते.

मग सासऱ्याचं काम करणारे नट आजारी पडले. पडले म्हणजे, त्यांनी पैज लावून आमच्याकडची शेवभाजी ओरपली. दुसऱ्या दिवशी त्यांना उठवेना आणि दिग्दर्शकांची नजर खाटेवरच्या नानांवर गेली. पांढऱ्या मिशा, फेटा, कपाळाला गंध. वाक्यं तर दोनच होती. शेवटच्या प्रसंगात सासरा विरघळतो आणि सुनेला म्हणतो, ‘तुझ्या यंत्राचं बी यंदा माझ्या शेतात पेरीन. हा माझा शब्द आहे.’ नाना एका दमात तयार झाले. मला तर नवलच वाटलं. गावात मिरवायची हौस त्यांनाही असणार, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

कॅमेरा सुरू झाला. समोर नायिका, अंगावर जाऊबाईंचं लुगडं, डोक्यावर पदर. नानांनी तिच्याकडे पाठ केली, बैलाकडे वळले आणि बैलाला शब्द दिला.

“कट! आजोबा, सुनेकडे बघा!”

नाना म्हणाले, “सूनकडे कोनी पाहास का?”

पाच-सहा वेळा हेच झालं. ही तुमची सून नाही, पगार घेऊन आलेली नटी आहे, असं समजावून झालं. नाना म्हणाले, लुगडं तर सुनेचंच आहे. मग नायिकेला बाजूला करून तिच्या जागी स्टूल ठेवलं. स्टुलाशी नाना छान बोलले, पण नजर फारच खाली जात होती. दुपार कलत आली, दिग्दर्शक रडकुंडीला आले. चांदीचा कागद लावलेला मोठा फळा धरून तोंडावर उजेड पाडणारा माणूस चोपड्याला औषध आणायला गेला होता, म्हणून फळा उचलायला जाऊबाईंना उभं केलं. कॅमेऱ्याला अगदी लागून. दिग्दर्शक थकून म्हणाले, “आजोबा, कुणाकडे नका बघू. त्या उजेडाकडे बघून बोला.”

नाना उजेडाकडे बघून, डोळे बारीक करून, खणखणीत आवाजात म्हणाले, “तुन्हा यंतरनं बी औंदा मन्हा वावरमा पेरसू. हाऊ मन्हा शबद शे.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फळा खाली आला. त्यामागे जाऊबाई होत्या, पदर खांद्यावर घसरलेला, आणि त्या नानांकडे सरळ बघत होत्या.

त्या संध्याकाळी घरात जे झालं ते सिनेमात असतं तर सिनेमा चालला असता. जाऊबाईंनी दारामागून, बैलाला नव्हे, थेट विचारलं, “बी कव्हय लई जावानं?” नाना म्हणाले, ते सिनेमातलं होतं. जाऊबाई म्हणाल्या, शब्द सिनेमातला असेल, तोंड नानांचं होतं. नाना म्हणाले, मी उजेडाशी बोललो. जाऊबाई म्हणाल्या, “उजेडमांगे मी व्हतू.” सुनेने सासऱ्याला असं उत्तर दिलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. थोरले दीर अंगणातून म्हणाले, “नाना, सगळ्या गावासमोर बोललात,” आणि परागंदा होऊन आलेल्या माणसासारखे पुन्हा गप्प झाले.

सिनेमाचं इथेच सांगून टाकते. तो पुढच्या वर्षी धुळ्याला लागला आणि आठवडाही टिकला नाही. पोट बरं झालेल्या नटाने तो प्रसंग मुंबईत पुन्हा केला होता, म्हणून नाना त्यात नाहीतच. माझे दाणे आहेत.

मृगाचा पाऊस पडला. तिसऱ्या दिवशी नानांनी यंत्राच्या दाण्यांचं पोतं स्वतः उचलून गाडीत घातलं. मला वाटलं, एखादा कोपरा पेरतील. त्यांनी विहिरीजवळचं सबंध वावर पेरलं. दिलेला शब्द अर्धा पाळणं त्यांना जमत नसावं. पण त्यामुळे जाऊबाईंचा धीरच सुटला. उगवलं नसतं तर दुसरं बियाणं घरात नव्हतं. त्या वावराकडे फिरकेनात. जेवण सुटलं. मला रोज पाठवत आणि मी रोज येऊन सांगे, अजून काही नाही. “तोंड मोडेल व्हई वं,” त्या म्हणत. स्वतःच्या यंत्रावरचा त्यांचा विश्वास मी पहिल्यांदा डळमळताना पाहिला आणि मला त्यांची फार काळजी वाटली.

आठव्या दिवशी सकाळी नाना वावरातून आले. पायांना चिखल तसाच. आम्ही दोघी चुलीपाशी होतो. ते बैलाजवळ थांबले नाहीत, सरळ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि जाऊबाईंच्या तोंडाकडे बघून म्हणाले, “बठ्ठं उगनं वं, माय. एक दाना वाया नही गया.”

जाऊबाईंना पदर घ्यायचं सुचलं नाही. त्या तिथेच जमिनीवर बसल्या आणि हुंदके देऊन रडायला लागल्या. नानांनी मला सांगितलं, तिला पाणी दे, आणि तव्यावरची भाकरी जळत होती ती स्वतः उलथली.