हिरव्या रेघेतले मासे

माझ्या पायाला लहानपणापासून भिंगरी आहे. मीटिंगमध्ये मी उभी असते, फोनवर बोलताना घरभर फिरते, आणि समोर कोणी नुसतं बसलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं. त्या हिवाळ्यात हे डोकं फिरवायचं काम नवऱ्याकडे होतं. न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनच्या सरकारी खात्यातली त्याची नोकरी कपातीत गेली होती. तेव्हापासून तो लॅपटॉप घेऊन खिडकीपाशी बसायचा. सकाळी मी निघताना तिथे, संध्याकाळी परत आले की तिथेच.

"आज काय केलंस?" मी बूट काढायच्या आधीच विचारायची.

"अप्लिकेशन्स टाकली. दोन रिजेक्शन्स आली."

"मग जरा बाहेर पड ना. वॉक घे. दिवसभर नुसता बसून असतोस."

"दमलोय गं."

"बसून कसला दमतोस?"

तो परत लॅपटॉपकडे वळायचा. मी भांडी आपटत स्वयंपाकाला लागायची.

मी तेव्हा सॅल्मन पाळणाऱ्या एका कंपनीचं काम कंत्राटावर करत होते. दोन बेटांमधल्या सामुद्रधुनीच्या पलीकडे, आतल्या शांत खाड्यांमध्ये त्यांचे जाळ्यांचे मोठे पिंजरे होते. उन्हाळ्यात तिथलं पाणी तापायचं आणि मासे मरायचे. म्हणून पिंजरे बाहेर, थंड पण जोरदार प्रवाहाच्या पाण्यात न्यायचा विचार चालला होता. अडचण एकच होती. मोकळ्या समुद्रातला मासा प्रवाह झेपला नाही तर दुसरीकडे जातो, पिंजऱ्यातला कुठे जाणार? एक पिंजरा चाचणीसाठी बाहेर नेऊन ठेवला होता. त्यातल्या कॅमेऱ्यांवरून माशांना किती कष्ट पडताहेत हे सांगणारा प्रोग्राम मी लिहिला होता, आणि त्याच्या उत्तरावर बाकीच्या पिंजऱ्यांचं ठरणार होतं.

मी माशांकडे आजवर फक्त ताटात पाहिलं होतं. तरी प्रोग्राम लिहिताना मला शंका म्हणून आली नाही. एका चित्रातून पुढच्या चित्रात मासा किती सरकला ते मोजायचं. खूप सरकला तर कष्ट, रेघ लाल. जागेवर असला तर विश्रांती, रेघ हिरवी. माझ्यासारखीला याहून सरळ काय सुचणार होतं?

आतल्या खाडीतले मासे सतत गोल फिरायचे, म्हणून तिथली रेघ लालसर. बाहेरच्या पिंजऱ्यात मात्र, उधाणाच्या भरतीलासुद्धा, रेघ हिरवी. कंपनीत सगळे खूश झाले. मॅनेजर "स्वीट ॲज", म्हणजे इकडच्या भाषेत 'झकास', म्हणाला आणि सोमवारची शेवटची मीटिंग ठरवून मोकळा झाला. मीही खूश होते. फक्त कंपनीच्या माशांच्या डॉक्टरांचा फोन आला. ते नागपूरकडचे, कंपनीत माझ्याशिवाय मराठी बोलणारे तेवढेच.

"जय भीम, ताई. तुमचा ग्राफ पाहिला. एकदम हिरवागार आहे नं."

"मग चांगलंच आहे की, डॉक्टर."

"चांगलं आहे तर मासे खाऊन काऊन नाही राहिले? शुक्रवारी या नं इकडे. कॅमेऱ्यातून नका बघू."

मला राग आला. माझ्या कोडवर माशांच्या डॉक्टरने बोट ठेवावं! तरी गेले. फेरीने पलीकडे आणि तिथून लहान बोटीने बाहेरच्या पिंजऱ्यापर्यंत. भरती ऐन जोरात होती. मी कठड्याला धरून खाली पाहिलं. सगळे मासे एकाच दिशेला तोंड करून ओळीने उभे होते, शाळेत प्रार्थनेला उभं केल्यासारखे.

"बघा, किती शांत आहेत," मी म्हणाले.

डॉक्टरांनी बादलीतलं मूठभर खाद्य घेतलं आणि पिंजऱ्याच्या वरच्या अंगाला, जिकडून पाणी येत होतं तिकडे सोडलं. मला वाटलं दाणे हळूहळू बुडतील. ते आडवे सुटले, माशांच्या तोंडावरून गेले आणि पलीकडच्या जाळ्यातून बाहेर पडले. एकाही माशाने तोंड वळवलं नाही. पाठोपाठ शेवाळाचा एक लांब तुकडा आला, तोही तसाच गेला.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. पळत होतं ते पाणी. मासे आहेत त्या जागी राहण्यासाठी जिवाच्या आकांताने पोहत होते. त्यांच्या शेपट्या इतक्या भराभर हलत होत्या की मला त्या दिसल्याच नव्हत्या. मागच्या जाळ्याला काही लहान मासे टेकले होते. घासून घासून त्यांच्या कुशी पांढऱ्या पडल्या होत्या.

"हे असं रोज?" मी विचारलं.

"रोजच, ताई. उधाणाला जास्त. आराम चालला आहे असं समजून आपण ठेवला नं पिंजरा इथं."

ते "आपण" म्हणाले. "तुम्ही" म्हणायला हवं होतं. दीड महिना ते मासे असे पोहत होते आणि मी त्यांच्या नावापुढे विश्रांती लिहीत होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की परतीच्या फेरीत मी एकदाही बसले नाही, वाऱ्यात डेकवर येरझाऱ्या घालत राहिले. कोड कोणी वाचत नाही. गुपचूप दुरुस्त करून सोमवारी 'नवीन आवृत्ती' म्हणून दाखवता आलं असतं. हा विचार पलीकडचा किनारा येईपर्यंत डोक्यातून गेला नाही.

शनिवारी मी जुन्या चित्रफिती उघडल्या आणि हाताने शेपट्यांचे फटके मोजायला बसले. चार मिनिटांत उठले. परत बसले, आकडा चुकला, परत उठले. शेवटी नवऱ्याने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. दोन दिवस तो खिडकीपाशी बसून शेपट्या मोजत होता आणि मी त्याला चहा देत होते. रेघ जिथे सगळ्यात हिरवी होती, तिथेच फटके सगळ्यात जास्त निघाले.

सोमवारी मी सांगितलं, "माझा प्रोग्राम चुकला. मी ज्याला विश्रांती म्हणाले, ते त्यांचे सगळ्यात जास्त कष्ट होते."  मग डॉक्टरांनी मागच्या जाळ्याला घासलेल्या माशांचे फोटो पुढे सरकवले. पिंजरे बाहेर न्यायचं थांबलं. चाचणीचा पिंजरा परत आत आणायचं ठरलं. माझं कंत्राट महिनाअखेरीला संपत होतं, ते त्यांनी वाढवलं नाही. मीही विचारलं नाही.

पिंजरा आत आला त्या दुपारी मी ऑफिसातून कॅमेरा लावून पाहत होते. प्रवाह संपला होता तरी मासे कितीतरी वेळ त्याच दिशेला तोंड करून राहिले. मग एक वळला. त्याच्यामागे आणखी काही वळले आणि हळूहळू सगळे गोल फिरू लागले. माझा जुना प्रोग्राम चालूच होता. त्याने रेघ लाल केली आणि धोक्याची सूचना पाठवली. मी ती बंद केली आणि तासभर जागची हलले नाही.

घरी आले. नवरा खिडकीपाशी होता. माझा नेहमीचा प्रश्न ओठांवर आला होता. तो गिळून मी त्याच्याजवळ गेले.

"दमलास का रे?"

टोमणा आहे की काय म्हणून त्याने आधी माझ्याकडे नीट पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "खूप."

नोकरी जाऊन त्याला सहा महिने झाले होते. हे मी त्याला पहिल्यांदाच विचारत होते.