आधी उघडणारं पान

तमिळ मुलखातल्या आमच्या गावात, राजवाड्यामागच्या गल्लीत एका मराठी गृहस्थांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आमच्या मराठी मंडळाची वेबसाइट त्यांनीच बांधली. बोलताना ते समोरच्याकडे पाहत नाहीत, आणि कुणी आत आलं की स्क्रीन हलकेच भिंतीकडे वळवतात. मी मंडळाचा सचिव; मला त्यांचा भरवसा कधी वाटला नाही.

यंदा आम्ही तमिळ आणि इंग्रजीत नवं मुखपृष्ठ केलं. तरी मधूनच साइटवर जुनं मराठी पान उघडायचं. विचारलं की ते म्हणायचे, "ते सर्वर करतो, सार. आम्ही काय करूं?"

शेवटी मीच साइटचं फोल्डर उघडलं. आमच्या नव्या पानाच्या 'इंडेक्स डॉट पीएचपी' फाइलशेजारी कुणीतरी जुन्या पानाची 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' परत आणून ठेवली होती. नुसता पत्ता टाकला की आमचा सर्वर आधी हीच फाइल शोधतो आणि ती सापडली की पुढे बघतच नाही.

मी तडक दुकानात गेलो. "ही फाइल तुम्हीच ठेवता ना?"

"हो की." पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जुन्या पानावर आमच्या आईचा आवाज आहे. 'या, बसा, जेवलात की?' म्हणते. आता ती नाही. तुमचं पान मी पुसलं नाही, सार. आमचं फक्त आधी येतं."

मी तो आवाज नव्या पानावर घेतला. त्यांनी तो डोळे मिटून ऐकला आणि ते म्हणाले, "आता साइटचा पासवर्ड बदला."

मी बदलला. तरी रोज सकाळी कॉफीच्या आधी साइट उघडून कोणतं पान येतं ते पाहतो. आत शिरायची आणखी एखादी वाट त्यांना ठाऊक असेल, असं मला अजून वाटतं.