आज हिव लय हाय

परभणीहून येणाऱ्या सकाळच्या मोटारीचा कंडक्टर आमच्या जिंतूरच्या शाळेपाशी कधी उतरत नाही. त्याला उशीर झालेला असतो, नाहीतर झाल्याचं सोंग तरी तो करतो. त्या दिवशी तो उतरला, डोक्याची टोपी काढून हातात घेतली, आणि मी खडू तसाच बोटांत धरून व्हरांड्यात आलो. "गुरुजी, परभणीला चला. तुमचे दाजी गेले..." मला वाटलं, हा चुकला. निरोप घेताना ह्याच्या कानात घोटाळा झाला. गेली असेल तर ती माझी थोरली बहीण, अक्का. जन्माची दमेकरी. दर हिवाळ्यात तिच्या नावाचा असा निरोप येईल म्हणून आम्ही सगळे धसका घेऊन बसायचो. मी त्याला विचारलंसुद्धा, "दाजी का अक्का? नीट आठव बाबा." तो म्हणाला, "दाजीच. छातीत कळ आली म्हनं. बाई हायेत." मोटारीत बसल्यावर मला रडू आलं नाही, राग आला. कुणाचा, ते आज महिना उलटला तरी सांगता येत नाही. आता रागही उरला नाही. थकल्यासारखं झालंय, एवढं खरं.

दाजी निजामाच्या राज्यात परभणीच्या कचेरीत पेशकार होते, साहेबापुढं कागद मांडणारे. पेडगावच्या आम्हा शेतकऱ्यांच्या घरात असा जावई म्हणजे केवढी गोष्ट! काळी शेरवानी, गळ्यापर्यंत बटणं, खिशात अत्तराचा फाया. हैदराबादच्या कॉलेजात शिकलेले, सगळं शिक्षण उर्दूतून, जोडीला इंग्रजी. बोलणं मराठी, लिहिणं उर्दू आणि झोपेत बरळणं दोन्हींत, असं अक्का म्हणायची. पहिल्या दिवाळसणाला त्यांनी आमच्या ओसरीवर माझं मराठीचं पुस्तक उचललं, पाठीमागून उघडलं आणि शेवटच्या पानाकडे गंभीरपणे बघत बसले. मी खो खो हसलो. उर्दू पुस्तकाची सुरुवात आपल्या पुस्तकाच्या शेवटाकडून होते हे मला तेव्हा कुठं ठाऊक! दाजी रागावले नाहीत. म्हणाले, "मास्तर, हसा, हसा. पर गोष्ट कशी संपती ते मला तुमच्या आदी कळलं का न्हाई?" मी तेव्हा मास्तर नव्हतो, नुसता पोरगेला मेहुणा होतो. त्यांनी मास्तर म्हणून म्हणून मला मास्तर केलं.

मग पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. आम्हाला आनंद झाला, दाजींनाही झाला. गल्लीत पेढे वाटले त्यांनी. पण हळूहळू कचेरीत मराठी आली आणि माणसाची चांगली पंचाईत झाली. ज्याच्या उर्दू मसुद्याला साहेब लोक मान डोलवायचे, तो माणूस तिशी उलटल्यावर 'ळ' कसा काढायचा म्हणून टाक धरून बसला. हात आपसूक कागदाच्या उजव्या कडेला जायचा. नवी पोरं एकमेकांना कोपरं मारायची. दाजी घरी येऊन शेरवानी खुंटीला अडकवायचे आणि बराच वेळ तिच्याकडेच बघत बसायचे. अक्का म्हणायची, "अवो, ती काय बोलायली का तुमच्यासंगं?" ते म्हणायचे, "बोलायली ना. म्हणायली, आता मपलं काय काम इथं?"

ॲक्शन होऊन दोन हिवाळे झाले असतील. हैदराबादहून त्यांचा कॉलेजातला दोस्त रशीद दिल्लीला निघाला होता आणि गाडी परभणीला थांबेल तेवढ्यात भेटू म्हणून त्यानं सांगावा धाडला होता. मी रजेवर होतो, दाजींबरोबर मीही स्टेशनात गेलो. रशीदमियाँ डब्यातून खाली उतरलेच नाहीत, दांड्याला धरून अर्धे बाहेर लोंबकळत बोलले. दिल्लीत एका दफ्तरात उर्दूचे इंग्रजीत तर्जुमे करणारी माणसं हवी होती, साहेब ओळखीचा होता, दाजींचं नाव घातलेलं होतं. "अरे मियाँ, इधर क्या रखा है? आ जाव! हौ बोलो बस!" गाडी हलली. दाजी हौ म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. गाडी जाऊन सिग्नल पुन्हा वर झाला तरी फलाटावर उभे. परतताना टांग्यात त्यांनी मला एवढंच विचारलं, "मास्तर, दिल्लीत हिव लय असतंय म्हनं. खरं का?"

खरं होतं. आणि अडलं होतं ते तिथंच. अक्काला परभणीचा पौष सोसत नव्हता. आमच्याकडेही पहाटे हातपाय काकडतात. तेवढ्या गारठ्यात तिला धाप लागायची, बसल्या बसल्या पाठ उशीला टेकून सकाळ करायची. डॉक्टरनं नाडी सोडून स्वच्छ सांगितलं, "तिकडच्या थंडीत बाईंना नेऊ नका." मग राहिले दोनच रस्ते. दाजींनी एकट्यानं जायचं आणि अक्कानं लहानग्या शकूला घेऊन पेडगावला माहेरी राहायचं, नाहीतर दाजींनी इथंच राहून 'ळ' गिरवायचा. ज्याला त्याला तोंड होतं. आमचे वडील म्हणाले, "लेक माहेरी ठेवून जावई परमुलखात, हे काही शोभत न्हाई." शेजारचे म्हणाले, दिल्लीत सकाळी पाणी गोठतं, आणि माणूस बोलला की तोंडातून धूर निघतो. अक्का म्हणाली, "बरं की मग. बिड्यांचा खर्च वाचंल." मी म्हणालो, जा. जोरात म्हणालो. शिकल्या-सवरलेल्या माणसानं पोरासोरांच्या हाताखाली का झुरावं? दाजी सगळ्यांचं ऐकून घ्यायचे. सकाळी "जावंच म्हणतो" आणि संध्याकाळी "बघू की" असं त्यांचं चालायचं. घर नुसतं कंटाळून गेलं होतं त्या बघू-कीनं.

ठरवलं शेवटी अक्कानं. पेडगावच्या शेतातला कापूस मागवला, पिंजाऱ्याकडून पिंजून घेतला, खुंटीवरची शेरवानी काढून तिचं अस्तर उसवलं, आणि आत कापूस भरून टाके घालायला बसली. कापूस उडायचा, तिला ठसका लागायचा, तोंडाला पदर बांधून ती पुन्हा सुई धरायची. मी म्हणालो, "अक्का, शिंप्याला दे की." तर म्हणाली, "शिंपी मापानं भरील. मला मापानं भरायचं न्हाई." आणि खरंच नाही भरलं. दाजींनी ती घालून बघितली तेव्हा त्यांचे हात खाली येईनात. शकू ओरडली, "गादी चालायली! गादी चालायली!" आम्ही सगळे पोट धरून हसलो. दाजी दोन्ही हात पंखासारखे धरून अक्कापुढं उभे राहिले. "आता दिल्लीचं हिव मला शिवत न्हाई," म्हणाले. हसता हसता अक्काला धाप लागली. ती भिंतीला टेकून बसली, आणि हातानंच म्हणत होती, काही नाही, काही नाही...

जायचा दिवस उजाडला. मी निरोपाला मुद्दाम आलो होतो. वळकटी बांधलेली, टांगा दारात. अक्कानं दह्याची कवडी हातावर दिली. दाजींनी उंबऱ्यापर्यंत जाऊन बाहेर बघितलं. धुकं होतं, घोड्याच्या नाकातून वाफ निघत होती. ते वळले आणि टांगेवाल्याला म्हणाले, "बाबा, आज ऱ्हाऊ दे. आज हिव लय हाय." टांगेवाला येड्यासारखा बघायला लागला. अक्का म्हणाली, "अवो, मुहूर्त..." ते म्हणाले, "उद्या." दुसऱ्या दिवशीही ते उंबऱ्यापर्यंत गेले, ऊन सणसणीत पडलेलं होतं, आणि तेच म्हणाले, "आज हिव लय हाय." तिसऱ्या दिवशी अक्कानं न विचारता वळकटी सोडली. दिल्लीच्या जागेवर दुसरा कुणीतरी हजर झाला असणार. आमच्या घराला मात्र तो शब्द कायमचा चिकटला. कुणाला कुठं जायचा कंटाळा आला, कुणी पाहुण्याला ठेवून घेतलं की म्हणायचं, ऱ्हाऊ द्या, आज हिव लय हाय. चैत्रातसुद्धा.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, म्हणून सांगतो. दाजी शकूच्या अंकलिपीतून मराठी शिकले. संध्याकाळी कंदिलापाशी बापलेक बसायचे. ते पुस्तक मागून उघडायचे, शकू त्यांच्या हातातून घेऊन सरळ करून द्यायची, रोज, न चुकता. चूल उरकली की अक्काही येऊन बसायची. तिला अक्षर ठाऊक नव्हतं. दाजी तिला शिकवायचे, म्हणजे आज स्वतः शिकलेलं उद्या तिला. ती लवकर शिकली. त्यांचा हात शेवटपर्यंत जडच राहिला. कचेरीतल्या मराठीच्या परीक्षेत ते नापास झाले, पुन्हा बसले, पुन्हा नापास झाले, मग कसेबसे सुटले. तोवर कालची पोरं वरच्या खुर्च्यांवर जाऊन बसली होती. पेशकाराचे दाजी साधे कारकून झाले आणि कारकूनच राहिले. हैदराबादचं राज्य जाऊन मुंबईचं आलं, आता म्हणे महाराष्ट्राचं येणार. दाजी म्हणायचे, "मी मपल्या खुर्चीतून उठलोबी न्हाई मास्तर, राज्यंच येऊन-जाऊन करायलीत."

आणि गावाला बोलायला विषय मिळाला. "बायकोच्या दम्यापायी माणूस मातीत गेला." अगदी तोंडावर नाही, पण अक्काच्या कानावर पडेल एवढ्या जवळून म्हणायचे. परीक्षेच्या दुसऱ्या निकालाच्या दिवशी मीसुद्धा भडकलो होतो. ओसरीवर मोठ्यानं म्हणालो, "दाजी, त्या दिवशी टांग्यात बसले असता तर ही पाळी आली असती का?" दाजी म्हणाले, "मास्तर, चहा प्या. निवायलाय." आत अक्काच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं होतं. तिनं कधी काही विचारलं नाही, मी तरी कधी ऐकलं नाही. पण त्यानंतर दम्याचा जोर झाला की ती खोकलासुद्धा पदरात दाबून खोकायची, दाजींना ऐकू जाऊ नये म्हणून. एवढ्या लहान घरात ऐकू कसं जाणार नाही?

संक्रांतीला त्यांची-माझी शेवटची भेट झाली. चेहरा ओढलेला दिसला. मी विचारलं तर म्हणाले, "थकलोय. कशानं ते न्हाई कळत." पेपर मांडीवर, शेवटच्या पानावर. मी तिळगूळ दिला, ते म्हणाले, गोड बोला, आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. इतकंच. ह्याला भेट म्हणायचं तर म्हणा.

परवा मुद्दाम वस्तीला परभणीला गेलो. होळी तोंडावर आलीय, पहाटे तेवढा गारवा. सकाळी उठून ओसरीवर आलो तर अक्का बसलेली, अंगात ती शेरवानी. कित्येक वर्षं झाली, शेरवानी तिच्याच अंगात असते. न गेलेल्या दिल्लीचा कापूस दाजींनी पहिल्याच हिवाळ्यात तिच्या अंगावर चढवला होता, आणि तिनं नको नको म्हणत घातला होता. बाह्या विरल्यात, एका कोपरातून कापूस डोकावतोय. हातात पेपर. तिनं तो उलटा केला, शेवटचं पान वर घेतलं, आणि बोट ठेवून वाचायला लागली. मला राहवलं नाही. म्हणालो, "अक्का, अगं पयलं पान तिकडं हाय."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "पर मला शिकवणाऱ्याची सुरवात इकडूनच व्हायची."

पुढं तीच बोलली, पेपरावरची नजर न काढता. "लोक म्हणायचे ना, हिच्यापायी ऱ्हायले म्हणून. मला करकरतं गाडं म्हणायचे. करकरतं गाडं लय दिवस चालतंय, बगितलंस ना? धडधाकट गेलं, मी हाय." ती थांबली, दम घेतला. "संक्रांतीला तू गेलास त्या दिवशी विचारलं मी त्यांना. एवढ्या वर्षांत पयल्यांदा. म्हणलं, अवो, खरं सांगा, दिल्ली माझ्यापायी ऱ्हायली ना? तर हसले. म्हणले, येडे, दिल्लीचं ते पुस्तक मी मपल्या रीतीनं उघडून बगितलं होतं, मागून. आखरी पानावर तू नव्हतीस. मग पयलं पान वाचून करू काय?"

मी डोळे पुसले आणि उगीचच पिशवी भरायला लागलो. जिंतूरची दुपारची मोटार गाठायची होती, उद्या शाळा होती. जेवण झालं, मी पायात चपला सरकवल्या. अक्का उंबऱ्यापर्यंत आली, दाराला धरून बाहेर बघत उभी राहिली. रस्ता उन्हानं नुसता पांढरा पडला होता, समोरच्या लिंबाखाली कुत्रं जीभ काढून पडलं होतं.

"बापू," ती म्हणाली, "नको जाऊस. आज हिव लय हाय."

मी पिशवी खाली ठेवली.