चौथी चिंधी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, गाडीवेड्या मित्रांना तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतोय? कारणबिरण काही नाही. आता पोटात राहत नाही, एवढंच. आणि आधीच बजावून ठेवतो — मध्येच "अहो, होतं असं कधीकधी, मनाला लावून घेऊ नका" वगैरे म्हणालात, तर मी तिथेच थांबेन. होत नसतं असं. माणूस करतो.

तेहतीस वर्षं मी हडपसरच्या एका कारखान्यात क्वालिटीला होतो. म्हणजे काय करायचो? दुसऱ्यांच्या चुका काढायचो. केसभर फरक दिसला की माल परत. समोरचा माणूस हात जोडतोय, गयावया करतोय — माल परत! लोक माझ्या नावाने बोटं मोडायचे आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. सदाशिव पेठेतल्या घरीसुद्धा तेच, पोळीची कड जाड लागली तरी बोलून दाखवणार. असा माणूस. हे लक्षात ठेवा.

रिटायर झालो आणि वडिलांच्या गाडीवरची ताडपत्री काढली. गोल दिव्यांची, स्टिअरिंगलाच गिअर असलेली गाडी. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये अकरा वर्षं उभी होती, इंजिन जाम. ठरवलं, आपणच उतरवायचं आणि आपणच बांधायचं. पण सिलिंडरला बोअर मारणं, क्रँकचा दांडा घासणं ही काही घरी करायची कामं नव्हेत. त्याला मशीन लागतं, आणि मशीनवर जाणता हात लागतो. तो हात ढवळे मिस्त्रींचा. हडपसरला एका गल्लीत त्यांची पत्र्याची शेड, आत जुनं बोअरिंग मशीन, शेडच्या मागे दोन खोल्यांचं घर. वय सत्तरीचं. आमचा जुन्या गाड्यावाल्यांचा एक ग्रुप आहे, त्यातली निम्मी इंजिनं त्यांच्याच हातून गेलेली.

त्यांची एक पद्धत होती. काम झालेला ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं लोखंडी धड, परत देताना आत तेल फिरायच्या ज्या वाटा असतात, त्यांची चार तोंडं ते चिंध्यांनी बुजवून द्यायचे, कचरा नि लोखंडाचा कीस आत जाऊ नये म्हणून. चिंध्या त्यांच्या बायकोच्या जुन्या हिरव्या लुगड्याच्या. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड, धागा सुटत नाही. इंजिन बांधताना आपण त्या काढायच्या, आणि सुरू करण्याआधी चारही त्यांना नेऊन द्यायच्या.

"चार दिल्यात, चारी परत आल्या पायजेत. मंग किल्ली फिरवा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी काय बालवाडीत होतो? ज्याने जन्मभर दुसऱ्यांचा माल मोजला, त्याला हा माणूस चिंध्या मोजायला लावणार? आणि त्या घेऊन पुन्हा हडपसरच्या ट्रॅफिकमधून जायचं? पण "बरं" म्हणालो. मनातल्या मनात म्हणालो, अडाणी आहे, चालायचंच.

तीन आठवडे खपून इंजिन बांधलं. शेवटचा नट आवळला, हात पुसले आणि ट्रेमध्ये पाहिलं. चिंध्या तीन.

पार्किंग झाडून काढलं. गाडीखाली आडवा झालो, कोपरे धुंडाळले. मग स्वतःशीच म्हणालो, झाडणाऱ्या बाईंनी नेली असेल कचऱ्यात. असेल ना? असूच शकते की. पण मला माहीत होतं — क्वालिटीतल्या माणसाला हे कुणी सांगावं लागतं का? — एक वस्तू कमी भरली, तर ती बाहेर सापडेपर्यंत आत आहे असंच धरायचं. म्हणजे सगळं इंजिन पुन्हा उघडायचं. दोन दिवसांचं काम. आणि रविवारी ग्रुपची खडकवासल्याची फेरी. मी सगळ्यांना छाती फुगवून सांगून बसलो होतो, येतोय म्हणून.

मग मी काय केलं? थांबा, सांगतो.

कपाटातून बायकोची जुनी हिरवी सुती साडी काढली. कात्रीने वीतभर तुकडा कापला. तेलात बुडवला, काळ्या हाताने चुरगळला, पिळला. पुढे ती कापलेली साडी बायकोला दिसली तेव्हा तिने उंदरांच्या नावाने शंख केला. मी पिंजरा आणून लावला. हो, पिंजरा! चांगला तुळशीबागेतून विकत आणून!

चार चिंध्या मी ढवळ्यांच्या हातात ठेवल्या. त्यांनी अंगठ्याने एकेक पुढे सरकवली — एक, दोन, तीन, चार — आणि डब्यात टाकली. "फिरवा किल्ली," म्हणाले, आणि हसले. माझ्या इंजिनाचा मला नव्हता इतका आनंद त्या माणसाला झाला होता.

रविवारी धरणाचं पाणी दिसायला लागलं आणि खालून ठोके सुरू झाले. मग एक हिसका. इंजिन जागच्या जागी जाम. मागच्या पाच गाड्या थांबल्या, सगळे उतरून भोवती जमले. आणि मी भडकलो. देवाशपथ, राग खरा होता. त्या क्षणी चिंधी माझ्या डोक्यात नव्हती. की होती? होतीच बहुतेक. तिथे रस्त्याच्या कडेला उभं राहून मी ग्रुपवर लिहिलं — ढवळ्यांचा हात गेला, आता त्यांच्याकडे इंजिन देऊ नका.

धडाधड अंगठे आले. एकाने, अहो एकाने तरी विचारावं की नाही, उघडून पाहिलंत का म्हणून? ज्यांची इंजिनं त्या माणसाने वर्षानुवर्षं चालती ठेवली, त्यांनीसुद्धा नाही! पेठेतला माणूस, क्वालिटीतला, शुद्ध मराठीत लिहितोय, म्हणजे खरंच असणार. याचा मला आजही संताप येतो. आणि मी कोण संतापणारा?

गाडी ओढून घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये एकट्याने इंजिन उघडलं. मधलं बेअरिंग तेलावाचून जळून निळं पडलेलं, वडिलांच्या वेळचा क्रँक खरवडून निघालेला. आणि तेलाच्या वाटेत, घट्ट बसलेला, काळा पडलेला एक बोळा. चिमट्याने ओढला. एका टोकाला अजून हिरवा होता.

तासाभरात ढवळे येणार होते. बोलावलं नव्हतं, कुणीतरी ग्रुपवरचं त्यांना वाचून दाखवलं होतं, म्हणून स्वतःहून बसने निघाले होते. ग्रुपमधले दोघेजणही गंमत बघायला हजर. मी बोळा पँटच्या खिशात घातला.

ढवळ्यांनी मायक्रोमीटर काढला. एकेक माप घेतलं, चष्मा वर-खाली करत पुन्हा घेतलं. बराच वेळ वाकून बसले होते. मग माझ्याकडे पाहून एवढंच विचारलं, "साहेब, चिंध्या चारी आल्या व्हत्या ना?"

"तुम्हीच मोजल्यात की," मी म्हणालो.

बघा, खोटंसुद्धा नाही! असं बोलायला मला चांगलं जमतं. खिशातलं तेल झिरपून मांडीला लागत होतं. ते दोघे मित्र हसले. ढवळ्यांनी मान हलवली. "मंग माझंच चुकलं असंल," म्हणाले, आणि मायक्रोमीटर फडक्यात गुंडाळून बसस्टॉपकडे चालायला लागले.

ग्रुपचं काम त्यांच्याकडे जाणं बंद झालं. बाहेरची गिऱ्हाइकं यायची, तर त्यांना ढवळे स्वतःच परत पाठवायचे. म्हणे, आता हाताचा भरवसा न्हाय. वर्षभरात मशीन भंगारात गेलं. हे सगळं माझ्या कानावर येत होतं. मी "अरेरे" म्हणायचो.

आणि ऐका माझा निर्लज्जपणा. दुसरा क्रँक घालून माझं इंजिन एका मोठ्या चकाचक वर्कशॉपने बांधलं. त्यांनी वाट लावली, गाडी धूर ओकायला लागली. तर मागच्या महिन्यात मी उठून कुणाकडे गेलो? ढवळ्यांकडे!

शेडमध्ये मशीनच्या जागी दोन स्कूटर उभ्या होत्या. मिस्त्री बाहेर फळीवर बसले होते. "या साहेब," म्हणाले. इंजिनाचं काढताच हात हलवला. "न्हाय जमायचं आता."

तेवढ्यात त्यांच्या पत्नी आतून आल्या. हातात धुतलेला, घडी घातलेला हिरवा तुकडा.

"गोधडीला डब्यातल्या चिंध्या काढल्या, तवा दिसला. ह्यो माझ्या लुगड्याचा न्हाय. ह्यांनी सांगितलं, तुमचा असंल. घिऊन जावा."

ढवळे रस्त्याकडे बघत होते. केव्हापासून माहीत होतं त्यांना? मशीन विकण्याआधी की नंतर? मी विचारलं नाही. तुकडा घेतला, खिशात ठेवला.

"चहा टाक गं साहेबांना," ते म्हणाले.

मी चहा प्यालो. हो, प्यालो. बशी खाली ठेवली, "येतो" म्हणालो आणि निघून आलो.

मापं बरोबर होती. बोअर बरोबर होता, क्रँक बरोबर घासला होता. हात गेला नव्हता. तुम्ही विचारलं होतंत, आणि पार्किंगमध्ये दोन माणसांसमोर मी उत्तर दिलं नव्हतं.

नाही, मिस्त्री. तीनच आल्या होत्या.