कुंपणाखालचे वास्ते

वास्ते उकळायला ठेवले की त्यांचा उग्र वास घरभर होतो आणि मला इथली, अमेरिकेत एडिसनला मुलाच्या घरची, ती सकाळ आठवते. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. आमच्या चंद्रपूरकडे त्यांची भाजी करतात. शेजारच्या जपानी म्हातारीचा बांबू कुंपणाखालून आमच्या लॉनमध्ये घुसायचा. मुलगा वैतागला होता. “आई, उद्या स्प्रे मारतो. सगळाच मरू दे तो बांबू.” रात्री पाऊस झाला. तो उठायच्या आत मी खुरपं घेऊन बाहेर पडले, तर म्हातारी आधीच आमच्या लॉनवर अनवाणी उभी! मातीत दडलेला कोंब तळपायाला कळतो, हे तिलाही ठाऊक होतं. मीही चपला भिरकावल्या. तिला कोंब सापडला की ती ओरडायची, मला सापडला की मी. बादली भरली, तोवर मुलगा स्प्रेचा डबा घेऊन हजर. त्याच्या उंचीकडे बघत म्हातारी इंग्रजीत काही बोलली. “काय म्हणते रे?” “त्यांच्यात म्हण आहे, बांबूचा कोंब आईबापाच्या वर जातो.” “जाऊ दे की वर. पण मुळांवर विष मारू नये म्हणावं. सांग तिला.” त्याला ते स्वतःच्या तोंडानं सांगावं लागलं. म्हातारी पोट धरून हसली. डबा गॅरेजमध्ये परत गेला. आता माझे गुडघे वाकत नाहीत, म्हणून खणायला तोच जातो. माझ्यापेक्षा चांगलं खणतो, पण हे मी त्याला सांगत नाही.