पानं नसलेली गोरखचिंच

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही: पुण्यात नोकरीला असताना मी जिवंत झाडांना कागदावर मारलं.

शहराच्या कडेला तेव्हा सॉफ्टवेअर कंपन्या येत होत्या, त्यांच्यासाठी रस्ते रुंद होत होते. मी एका ठेकेदाराकडे सर्वेक्षक; झाडांची यादी माझ्याकडे. एका वळणावर दोन जुन्या गोरखचिंचा होत्या (रांजणासारखा बुंधा, पाच जणांच्या कवेत न मावणारा). मार्चचं ऊन, फांदीवर एक पान नाही. साल नखानं खरवडून पाहायची, असा नियम. मी जीपमधून उतरलोच नाही. दोन्हींपुढे लिहिलं, ‘वठलेले’. एक झाड त्याच आठवड्यात पडलं. रस्ता थोडा सरकला म्हणून दुसरं वाचलं, आणि आषाढात ते पानांनी भरून गेलं. मी नोकरी सोडून नागपूरला परतलो.

यंदा मार्चमध्ये पुण्याला गेलो. सदाशिव पेठेत मित्राकडे पोहे खाताना पेपरात वृक्षफेरीची (जुनी झाडं दाखवणारी सहल) जाहिरात दिसली. ठिकाण तेच वळण. मित्राची स्कूटर घेऊन निघालो आणि मीच मोजलेल्या रस्त्यावर दोनदा चुकलो.

झाड तसंच होतं, निष्पर्ण. भोवती वीसेक हौशी माणसं, मोबाइल वर धरून. माहिती सांगत होत्या लेलेबाई, वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका.

“मॅम, हे डेड आहे ना?” एका मुलीनं विचारलं.

“अहो, आपण रविवारी दहापर्यंत झोपता, तेव्हा घरचे तिरडी बांधायला घेतात का?”

हशा पिकला. बाईंनी नखानं साल खरवडली. खाली हिरवंगार. मग फळ फोडून सगळ्यांना गर दिला. पांढरा, लिमलेटच्या गोळीसारखा आंबट. माझ्या घशाखाली तो उतरेना.

“पुलासाठी हे तोडणार आहेत,” बाई म्हणाल्या. “जुन्या यादीत कुणा विद्वानानं वठलेलं लिहून ठेवलंय. तेवढ्यावर चाललंय सगळं.”

गर्दी पांगल्यावर मी म्हणालो, “तो विद्वान मी.”

त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं. “बरं झालं आलात. महत्प्रयासानं सुनावणी मिळवलीय, मंगळवारी. लेखी द्या.”

“माझं आजचं तिकीट आहे.”

“ते रद्द होतं. तोडलेलं झाड रद्द होत नाही.”

मी थांबलो. मंगळवारी लिहून दिलं: हे झाड मी न तपासता वठलेलं ठरवलं. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी शेरा खोडला, पुलाचा आराखडा परत पाठवला. बाहेर आल्यावर बाई रागावल्या नाहीत. उरलेला गर पुडीत बांधून देत म्हणाल्या, “गाडीत खा.”

दौंड गेल्यावर पुडी सोडली. या खेपेला गर गोड लागला असं म्हणणार नाही. पण घशाखाली उतरला. बाईंचे उपकार फार मोठे आहेत.

सुनावणीत पहिल्या झाडाबद्दल कुणी विचारलं नाही, आणि मीही लिहिलं नाही. ते लिहून देणं मी अजून लागतो.