आईच्या पत्त्यावरून

बाबांना मी एकच नियम शिकवला होता: अनोळखी माणसाची फाईल उघडायची नाही, तिच्यातून व्हायरस शिरतो. काल मेल आला तो आईच्या पत्त्यावरून. "फोटो बघा," एवढंच लिहिलेलं. आई गेल्या वर्षी वारली. कुणीतरी तिचं खातं फोडलं होतं.

"बाबा, उघडू नका."

"ही अनोळखी कुठे आहे?"

"आई पाठवेल का आता?"

"तेवढं कळतं गं मला. पण नाव तिचं आहे."

दाराला कडी आपण परक्यांसाठी घालतो. गेलेल्या माणसाचं नाव सांगून कुणी दार वाजवलं, तर आतल्याचा हात कडीकडे जाणारच. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

मी मेल पुसला, आईचा पत्ता ब्लॉक केला.

"म्हणजे आता तिचं काहीच यायचं नाही," बाबा म्हणाले.

"नाही," मी म्हटलं.